शाळेतल्या ओटीची पिशवी : कुठली साधनं खरोखर कामी येतात?

शिरोरेषा

मी शाळांमध्ये ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे सगळे म्हणतात ती ओटी, म्हणून काम करते : लिहिणं, कापणं, बसणं अशा रोजच्या कामांत अडणाऱ्या मुलांना मदत करायची. अकरा वर्षं झाली. सुरुवातीला माझी पिशवी इतकी जड असायची की जिना चढताना दोनदा टेकवावी लागे. काटेरी चेंडू, चार रंगांची पुट्टी (हाताने दाबायचा, मळायचा लवचिक गोळा), मणी, नाड्या, चिमटे, स्प्रिंगची कात्री, मांडीवर ठेवायची वजनाची उशी, पेन्सिलीवर चढवायच्या सात प्रकारच्या रबरी ग्रिप. आज त्यातलं निम्म्याहून जास्त सामान कपाटात पडून आहे. ते का, हे सांगायला हा धागा काढते आहे.

तिसरीतला एक मुलगा होता. त्याचं अक्षर लागत नव्हतं. आठवड्यातून दोनदा त्याला वर्गाबाहेर आणून मी तीन महिने चिमट्याने मणी उचलायला लावले, पुट्टीत लपवलेली बटणं शोधायला लावली. तीन महिन्यांनी चिमट्यात पटाईत झाला. वही उघडली तर अक्षर जसंच्या तसं. त्याच्या बाई काही बोलल्या नाहीत, पण मला ते फार लागलं. त्या तीन महिन्यांत त्याचे किती तास बुडाले होते.

पुढे २०११ सालचा एक आढावा वाचला. हस्ताक्षरावरच्या उपचारांचे अनेक अभ्यास त्यात एकत्र तपासले होते. ज्या उपचारांत प्रत्यक्ष लिहिण्याचा सराव नव्हता, किंवा होता पण २० बैठकींपेक्षा कमी, त्यांचा अक्षरावर परिणाम दिसला नव्हता. म्हणजे बोटांची ताकद वाढवा, नजर आणि हात यांचा मेळ बसवा, लिहिणं मात्र लिहूनच येतं. तेव्हापासून मी साधनापासून सुरुवात करत नाही. आधी वर्गात मागे बसते आणि बघते : या मुलाचं नेमकं कुठे अडतं? पेन्सिल धरण्यात, अक्षर आठवण्यात, रेघ सांभाळण्यात, की वेळ पुरत नाही म्हणून?

पिशवीत उरलं ते असं. बोटाच्या दोन पेरांएवढ्या बुटक्या पेन्सिली आणि मोडलेले खडू. त्यांना मूठ मारून धरायला जागाच नसते, त्यामुळे अंगठा आणि दोन बोटं आपसूक पुढे येतात. रुंद पाठीची एक जुनी फाइल, आडवी ठेवून तिचा उतार मुलाकडे केला की साधारण २० अंशांचा लिहिण्याचा उतार तयार होतो. मनगट मागच्या बाजूला वळतं, मान उचलली जाते. आणि पिवळा हायलाइटर.

हायलाइटरबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण परदेशी साहित्यात हे सापडत नाही. इंग्रजी अक्षरं खालच्या रेघेवर बसतात, म्हणून तिकडच्या वह्यांत खालची रेघ रंगवतात. आपली अक्षरं वरच्या रेघेला लटकतात. मराठीच्या वहीत रंगवायची ती वरची रेघ. मी दुरेघी वहीतली फक्त वरची रेघ पिवळी करते आणि सांगते की अक्षर इथून खाली सोडायचं. वर मात्रा-वेलांटीची जागा, खाली उकाराची, मध्ये अक्षराचं अंग. काही मुलांची ओळ पहिल्याच पानावर सरळ होते. दुसरं असं, की प्रत्येक अक्षराला वेगळी शिरोरेषा द्यायची नाही, शब्द पूर्ण झाला की एकच रेघ ओढायची. शब्दांमध्ये जागा न सोडणाऱ्या मुलांना याचा चांगला उपयोग होतो, कारण रेघ संपली तिथे शब्द संपला हे डोळ्यांना दिसतं. फक्त भ, ध, थ यांच्यावर रेघ तोडायची, नाहीतर भ चा म आणि ध चा घ होतो. या जोड्यांची गल्लत करणारी मुलं किती असतात ते शिक्षकांना माहीतच आहे.

तुमच्या पिशवीत काय उरलं? पालक, शिक्षक, ओटी, सगळ्यांनी लिहा.

दोन वेण्या

माझा मुलगा ७ वर्षांचा आहे. पेन्सिल धरताना अंगठा पहिल्या बोटावरून पलीकडे नेतो. शाळेतून सांगितलं, पकड चुकीची आहे, बदलून घ्या. चार प्रकारच्या रबरी ग्रिप आणल्या. तो दोन दिवस वापरतो आणि काढून टाकतो. रोज संध्याकाळी यावरून रडारड. ताई, खरंच बदलायला हवी का?

शिरोरेषा

त्याला तीन प्रश्न विचारा आणि एक गोष्ट स्वतः बघा. हात दुखतो का? थोडं लिहून थकतो का? वर्गात मागे पडतो का? आणि त्याने लिहिलेलं दुसऱ्याला वाचता येतं का?

चारही उत्तरं ठीक असतील तर पकडीला हात लावू नका. तीन बोटांची पकड आपण आदर्श मानतो, पण चालणाऱ्या पकडी चार आहेत. अंगठा आणि दोन बोटं, अंगठा आणि तीन बोटं, आणि याच दोन पकडी अंगठा आडवा पलीकडे नेऊन. तुमच्या मुलाची यातलीच एक दिसते. या चार पकडींची तुलना करणाऱ्या अभ्यासांत वेग आणि सुवाच्यता यांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही.

सात वर्षांपर्यंत पकड हाताच्या सवयीची होऊन गेलेली असते. ती मोडायची तर मुलाची स्वतःची इच्छा लागते आणि काही काळ लिहिणं आणखी हळू होतं. ग्रिप मी वापरतेच, पण साडेतीन-चार ते सहा या वयात, किंवा मूल इतकं दाबून धरतं की बोटाचं टोक पांढरं पडतं तेव्हा. संध्याकाळची रडारड मात्र आजच थांबवा.

पहिलीचा वर्ग

धागा मनापासून आवडला. मी पहिलीला शिकवते, वर्गात ४२ मुलं. आमच्या शाळेला ओटी नाही. एकेका मुलाकडे बघायला मला दिवसाला दोन मिनिटंही मिळत नाहीत. सगळ्या वर्गासाठी एकदम करता येईल असं काही सांगा. साहित्य आणायला लागू नये.

तळहात

बाई, मीही ओटी आहे, उपचार केंद्रात काम करतो. सगळ्यात आधी पाय बघा. बाकाखाली वाकून मोजा, किती मुलांचे पाय अधांतरी आहेत. पाय लोंबकळत असले की मूल एका हाताने बाक धरून ठेवतं किंवा छाती टेबलावर टाकतं, आणि आपण म्हणतो नीट बस. पाऊल पूर्ण टेकलेलं, गुडघा आणि कंबर काटकोनात, टेबल वाकवलेल्या कोपराच्या उंचीला किंवा त्याहून बोटभर वर. बाक बदलता येत नाही हे मला माहीत आहे. जुन्या वह्यांचा गठ्ठा चिकटपट्टीने घट्ट गुंडाळा आणि पायाखाली द्या. घसरत जाणाऱ्या मुलाच्या बैठकीवर रबरी जाळीचा तुकडा टाका.

दुसरं, उभ्या पृष्ठभागावरचं काम. भिंतीला कागद लावून किंवा फळ्याच्या खालच्या भागावर मुलांना आळीपाळीने लिहू-चितारू द्या. हात वर उचलून काम केलं की खांद्याला काम मिळतं आणि मनगट लिहिण्यासाठी हवं तसं मागे वळतं. ओल्या स्पंजच्या तुकड्याने फळ्यावरचं अक्षर गिरवून पुसायला लावा. तुकडा लहान असला की तीन बोटांतच धरावा लागतो.

तिसरं, दर तासाला दोन मिनिटं अंग हलवणं. बैठकीवर तळवे टेकवून स्वतःला वर उचलणं, भिंत ढकलणं, दोन्ही तळवे एकमेकांवर दाबणं, उजवा कोपर डाव्या गुडघ्याला. याने अक्षर सुधारत नाही, शिरोरेषा ताईंचं तिथे बरोबर आहे. पण बसून बसून पेंगुळलेला वर्ग जागा होतो.

एका मुद्द्यावर मात्र माझं वेगळं म्हणणं आहे. पुट्टी आणि चिमटे सरसकट कपाटात टाकू नयेत. ज्या मुलांचे सांधे फार सैल असतात, पेन्सिल धरली की पहिल्या बोटाचं शेवटचं पेर आत मोडतं, त्यांना हाताची ताकद लागतेच. माझ्याकडे अशी मुलं बरीच येतात.

शिरोरेषा

मान्य. सैल सांध्यांची मुलं मी माझ्या लिहिण्यात सोडून दिली होती. त्यांच्यासाठी मीही पुट्टी काढते, पण त्याच बैठकीत लगेच लिहिणंही घेते, म्हणजे कमावलेली ताकद वापरायची कशी ते हाताला कळतं.

बाई, तुमच्यासाठी आणखी एक. अक्षर काढताच येत नाही असं मूल असेल तर आधी त्याला आकृत्या उतरवायला द्या : उभी रेघ, आडवी रेघ, गोल, अधिकचं चिन्ह, दोन्ही बाजूंच्या तिरक्या रेघा, चौकोन, फुली, त्रिकोण. बीरी यांच्या नजर-हात चाचणीतल्या या पहिल्या ९ आकृती. त्या जमतात त्या मुलांना अक्षरं सोपी जातात असं आढळलं आहे. तिरकी रेघ न जमणाऱ्या मुलाकडून क्ष, ज्ञ घोटून घेण्यात दोघांचीही दमछाक होते. आणि अक्षरं वर्णमालेच्या क्रमाने नको, वळणाच्या क्रमाने. ग, म, भ, न पासून सुरुवात करायची आपली जुनी पद्धत शास्त्राला धरून आहे. या चारही अक्षरांत उजवीकडचा काना तोच, बदलतं ते फक्त डावीकडचं वळण. हाताला एक हालचाल पक्की झाली की चार अक्षरं पदरात पडतात.

पहिलीचा वर्ग

उद्याच पाय मोजते. ऱ्हस्व वेलांटीचं काय करावं? निम्म्या वर्गाची ती अक्षराच्या उजवीकडे जाते.

शिरोरेषा

ते हाताचं अपयश नव्हे. मूल ऐकतं ते आधी क आणि मग इ, आणि आपण सांगतो इ आधी लिही. कानाचा क्रम एक, हाताचा दुसरा. मी आधी अक्षर लिहायला सांगते, त्याच्या डावीकडे बोटभर मोकळी जागा ठेवून, आणि मग वेलांटी त्या जागेत मागे येऊन काढायची. काही महिन्यांत मुलं स्वतःच क्रम बदलतात. अक्षर सुंदर दिसावं म्हणून क्रमाची सक्ती लवकर करू नये असं माझं मत आहे.

वाचनमात्र

वाचते आहे. फार उपयोगी.

निळी पाटी

माझी मुलगी नऊ वर्षांची, स्वमग्न (ऑटिझम). एका ठिकाणी वजनाचं जाकीट सुचवलंय, शाळेत रोज घालायचं. ते घातलं की ती शांत बसेल असं म्हणाले. कुणाचा अनुभव?

तळहात

मी पूर्वी ते बऱ्याच मुलांना दिलं. आता देत नाही. वजनाच्या जाकिटावर अभ्यास झाले आहेत आणि लक्ष लागणं किंवा जागेवर बसणं यांत भरवशाचा फरक त्यांत दिसलेला नाही. जीन एअर्स या अमेरिकन ओटींनी संवेदी एकात्मतेचा, म्हणजे स्पर्श, तोल अशा संवेदना मेंदू एकत्र कशा जुळवतो याचा, सिद्धांत मांडला, त्यांचं मुख्य पुस्तक १९७२ चं. त्यांची पद्धत झोके, उतार, जाळ्या असलेल्या खास खोलीत, मुलाने पुढाकार घेऊन करायची आहे. वर्गात बसवून अंगावर वजन चढवणं म्हणजे ती पद्धत नव्हे. दोन्हींना एकाच नावाने ओळखतात म्हणून घोटाळा होतो.

आधी हे विचारा, ती कधी अस्वस्थ होते? घंटेला? सगळे एकदम बोलायला लागले की? कुणी मागून धक्का देऊन गेलं की?

निळी पाटी

आवाजाला. बाक ओढल्याचा आवाज आला की कानावर हात. आणि रांगेत.

शिरोरेषा

मग साधन आवाजासाठी हवं. कानांवर घालायचे आवाज कमी करणारे हेडफोन तिच्या हाताशी ठेवा, कधी घालायचे ते तिला ठरवू द्या. दिवसभर घालून ठेवू नका. बाकांच्या पायांना जाड नमदा किंवा रबरी टोप्या लावल्या तर आवाज मुळातच कमी होईल, आणि वर्गातल्या इतरांनाही बरं वाटेल. रांगेत तिला सगळ्यात शेवटी उभं करा, म्हणजे मागून कुणी येत नाही. दार धरून ठेवायचं काम तिच्याकडे द्या, म्हणजे शेवटी का उभं राहायचं याला कारणही मिळतं. घंटेआधी मिनिटभर बाईंनी तिच्या बाकावर एक ठरलेलं चित्रकार्ड ठेवावं.

आणि शांत बसणं हे उद्दिष्टच मी लिहिणार नाही. कान झाकून ती ऐकत असेल तर ती शिकते आहे. हलत असेल आणि तरी उत्तर देत असेल तर हलू द्या. खुर्चीच्या पुढच्या दोन पायांना रबरी पट्टा बांधून दिला की पाय त्याच्यावर दाबता येतात, आवाज होत नाही.

उजवंडावं

मी पालकही नाही आणि शिक्षकही नाही. मी ते मूल आहे, आता चौतीस वर्षांचं. बुटाची नाडी मला अकराव्या वर्षी बांधता आली. चेंडू अंगावर आला की मी डोळे मिटायचो. निदान मोठेपणी झालं : डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर, डीसीडी, म्हणजे वयाच्या मानाने हालचालींचा मेळ न बसणं. शंभरात ५-६ मुलांना असतो म्हणतात, म्हणजे माझ्या वर्गात आणखी एखाद-दुसरा असणार. आम्ही एकमेकांना ओळखलं नाही.

साधनांबद्दल एक सांगायचं आहे. मला ज्या तासाला बाहेर नेत असत तो चित्रकलेचा तास असायचा, कारण अभ्यासाचा तास बुडायला नको. मला चित्रकला आवडायची. हात चालत नव्हता तरी आवडायची. कुणी विचारलं नाही. मी खोलीत बसून मणी ओवायचो आणि परत यायचो तेव्हा सगळ्यांची चित्रं भिंतीवर लागलेली असायची.

कृपया मुलांना विचारा.

शिरोरेषा

हे मी दोनदा वाचलं. मीही मुलांना त्याच तासाला बाहेर काढलं आहे, याच कारणाने. उद्या माझं वेळापत्रक उघडून बघणार आहे.

तळहात

धन्यवाद हे लिहिल्याबद्दल. डीसीडीच्या मुलांसाठीच कॅनडात एक पद्धत तयार झाली, तिच्यात साधन जवळजवळ नाहीच. ध्येय, योजना, कृती, तपासणी, हे चार शब्द मुलाला शिकवायचे. ध्येय मूल ठरवतं. मग तेच योजना सांगतं, करून बघतं, आणि कुठे बिनसलं ते तेच शोधतं. आपण फक्त प्रश्न विचारायचे.

एका मुलीला दोरीवरच्या उड्या यायला हव्या होत्या, कारण मैत्रिणी सुट्टीत तेच खेळत. माझ्या यादीत तिचं अक्षर होतं, तिच्या यादीत दोरी. दोरी घेतली. पहिली योजना तिची : दोरी जोरात फिरवायची. पडली. मी विचारलं, दोरी पायाशी येते तेव्हा तू कुठे बघतेस? ती म्हणाली, हाताकडे. पुढची योजना : समोर भिंतीवर बघायचं आणि दोरीचा टप्पा कानाने ऐकायचा. चौथ्या बैठकीत सलग सहा उड्या. मग एके दिवशी स्वतःच म्हणाली, आता अक्षराची योजना करू. हे सगळ्याच मुलांचं होतं असं नाही. तिचं झालं.

डावखुरा

डाव्या हाताच्या मुलांना विसरू नका. शाळेत मला कायम उजव्या हाताची कात्री मिळाली. ती डाव्या हातात धरली की वरचं पातं रेघ झाकून टाकतं आणि कागद कापण्याऐवजी दुमडतो. माझं कातरकाम वाईट आहे असं मी मोठा होईपर्यंत समजत होतो. डाव्या हाताच्या कात्रीची पातीच उलट बसवलेली असतात, फक्त मूठ नाही. वर्गात अशा दोन तरी असाव्यात.

शिरोरेषा

अगदी खरं. जोडीला हेही : डाव्या हाताने लिहिणाऱ्याने कागदाचा वरचा भाग उजवीकडे कलता ठेवायचा, पेन्सिल टोकापासून जरा वर, तीनेक सेंटिमीटरवर धरायची, म्हणजे लिहिलेलं हाताखाली झाकलं जात नाही. बाकावर त्याला डावीकडची जागा द्यायची, नाहीतर शेजाऱ्याचा आणि त्याचा कोपर दिवसभर आपटत राहतो. गोल कापताना उजव्या हाताची मुलं घड्याळाच्या उलट दिशेने जातात, डाव्या हाताची घड्याळाच्या दिशेने. आणि दोघांनाही सुरुवातीला पातळ कागद देऊ नका. जाड कार्डाच्या अरुंद पट्ट्या द्या, एका दाबात तुकडा पडेल अशा. अंगठा वर, आणि वळवायचा तो कागद.

पहिलीचा वर्ग

पाय मोजले. ४२ पैकी १७ अधांतरी. सहा गठ्ठे करून झालेत. एक प्रश्न : फरक पडला की नाही हे कळणार कसं? मला वाटतं पडला, पण मला तसं वाटावंसंही वाटतं आहे.

शिरोरेषा

बाई, हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. आम्ही एक पाच पायऱ्यांची पट्टी वापरतो, १९६८ मध्ये मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात सुरू झालेली. सुरुवातीलाच लिहून ठेवायचं. आज आहे ते उणे २. अपेक्षित ते शून्य. अपेक्षेहून बरंच चांगलं ते अधिक २. मधल्या पायऱ्याही आकड्यांत. उदाहरणार्थ, आज दहा मिनिटांत दोन ओळी लिहितो आणि चार वेळा उठतो, हे उणे २. चार ओळी आणि दोनदा उठणं, शून्य. सहा आठवड्यांनी त्याच तासाला, त्याच प्रकारच्या मजकुरावर पुन्हा मोजायचं. आधी लिहून ठेवलेलं असलं की आपल्याला वाटण्यावर काही राहत नाही. वहीच्या पानाचा तारखेसकट फोटो काढून ठेवला तरी पुष्कळ.

दोन वेण्या

मी परत आले. ग्रिप ठेवून दिल्या. पायाखाली खोकं दिलं. त्याला विचारलं तर म्हणाला हात दुखत नाही, पण फळ्यावरचं उतरवून होत नाही, बाई पुसून टाकतात. मला हे माहीतच नव्हतं, मी एवढे दिवस पकडीच्या मागे होते. घरी पुस्तकातून उतरवतो ते पूर्ण होतं.

शिरोरेषा

तुम्ही विचारलंत हे किती चांगलं झालं. पुस्तकातून होतं आणि फळ्यावरून होत नाही, तर पहिलं काम डोळ्यांची तपासणी. नंबर नसेल तर वर्गात कुणालातरी मोजायला सांगा, फळ्याकडे एकदा बघून तो किती अक्षरं उतरवतो. एकेका अक्षराला मान वर जात असेल तर वेळ तिथे जातो आहे. मग शब्द बघायचा, मनात म्हणायचा, आणि खाली बघून सगळाच लिहायचा, असा सराव घरी भिंतीवर कागद लावून पाच मिनिटं. तोवर बाईंना विनंती करा, फळ्यावरचा मजकूर त्याच्या बाकावर कागदावर द्यावा, किंवा निम्माच उतरवायला सांगावा. उतरवणं हा त्या तासाचा विषय नसेल तर त्यात त्याचा तास जाऊ नये.

दोन वेण्या

डोळ्यांची वेळ शनिवारची मिळाली आहे. बाईंशी उद्या बोलते. काय झालं ते इथे लिहीन.